सरपंचबाईंची नक्कल

गावाची सरपंच कोण असं विचारलं, तर अंगणवाडीतलं पोरगंही सांगेल, दुर्गेश्वरीबाई कटरे. काम कुणाकडे न्यायचं असं विचारलं, तर तेच पोरगं हेमेंद्रभाऊंच्या घराकडे बोट दाखवेल. दवनीवाड्याहून पाच-सहा किलोमीटर आत असलेल्या या गावात यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. जागा बाईसाठी राखीव निघाली, भाऊंनी बायकोला उभं केलं, बायको निवडून आली, भाऊ सरपंच झाले. इतका सरळ कारभार होता.

पंचायतीच्या दारावर पाटी होती, 'सौ. दुर्गेश्वरी हेमेंद्र कटरे, सरपंच'. आतल्या मोठ्या खुर्चीत हेमेंद्रभाऊ बसत. चपराशी बकाराम दर गुरुवारी सायकलला पिशवी अडकवून कागद घरी आणायचा. दुर्गेश्वरी कणकेचे हात पुसून उंबऱ्यावर बसायची आणि भाऊ जिथे बोट ठेवतील तिथे सही करायची. दोन वर्षांत तिची सही मात्र फार सुरेख झाली होती. बाकी कारभारातलं तिला काही करावं लागलं नाही, आणि कुणी करूही दिलं नाही.

या दोन वर्षांत तिनं सरपंच म्हणून आपल्या मनानं एकच गोष्ट केली होती. निर्मलाबाईला शब्द दिला होता.

निर्मलाबाई बौद्ध मोहल्ल्यातली, पन्नाशी ओलांडलेली, एकटी बाई. कटऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला ती बारा वर्षं येत होती. दुर्गेश्वरी नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला चिखलात नीट उभंही राहता येत नव्हतं. मागं मागं सरकत ओळ सरळ कशी धरायची, हे निर्मलाबाईनं तिचा हात धरून शिकवलेलं. तेव्हापासून ती हिला दुर्गाबाई म्हणायची, आणि सरपंच झाल्यावरही तिनं ते बदललं नाही. पोळ्याच्या आठवड्यात तिच्या घराची मागची भिंत बसली. भिंतीच्या जागी तिनं कुठूनसं फ्लेक्स आणून बांधलं. ते निघालं हेमेंद्रभाऊंच्या वाढदिवसाचं. हात जोडलेले भाऊ तिच्या चुलीकडे बघत हसत उभे.

"वारा आला का भाऊ हालतत," निर्मलाबाई म्हणाली होती. "दिवसा ठीक आहे, पन निजताना कसंतरी वाटते, दुर्गाबाई."

दुर्गेश्वरी आधी हसली आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं निर्मलाबाईचा हात धरला. "या खेपेच्या घरकुलाच्या यादीत तुमचं नाव मी घालतो. मी म्हनतो म्हंजे घालतोच."

"भाऊले विचारलं का?"

"सरपंच मी आहो का भाऊ?"

दोघी यावरही हसल्या. पण शब्द गेला तो गेला.

डिसेंबरात महिला सरपंचांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं, गोंदियाला. तिथे भाऊंना तिच्या जागी बसता येणार नव्हतं, म्हणून ते तिला मोटरसायकलवर दारापर्यंत सोडून आले. चाळीस सरपंचबाया खुर्च्यांवर पदर सावरून बसलेल्या. शिकवायला आमगावच्या ललिता मॅडम होत्या, मोठ्या आवाजाच्या आणि खेळकर. पहिला दिवस कायदा आणि कलमं यांत गेला, बायांनी जांभया दिल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमनी फळा पुसून टाकला.

"आता आपण एक प्रसंग करून पाहू," त्या म्हणाल्या. "पंचायतीत एक बाई काम घेऊन आली आहे. एक जण बाई व्हा, एक जण सरपंच व्हा, आणि एक जण व्हा सरपंचाचे मिस्टर."

बाई व्हायला दहा जणी तयार. सरपंच व्हायलाही दोघी उठल्या. मिस्टर व्हायला कुणी उठेना. मग शेजारणीनं दुर्गेश्वरीला कोपरानं ढकललं, आणि ती गेली.

आता हे सांगायला हवं की दुर्गेश्वरीचे वडील उदाराम हे मंडईतले नामांकित नकल्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीचे खेळ होतात, आणि दंडारीत लोकांना पोट धरून हसवणारा नकल्या लागतो. उदाराम पाटील उभा करायचे, तलाठी उभा करायचे, नवीन जावई उभा करायचे. लहानगी दुर्गा माजघरात बापाचं बघून आजीची, मास्तरची, म्हशीच्या दलालाची नक्कल करायची. लग्नानंतर ते सगळं थांबलं. सुनेनं कुणाची नक्कल करायची?

तर ती पुढे गेली, कुणाचातरी दुपट्टा गडीमाणसासारखा खांद्यावर टाकला आणि टेबलामागच्या खुर्चीत जरा तिरकी बसली. समोरची बाई आली. दुर्गेश्वरीनं वर पाहिलंच नाही. मोबाईल उलटा ठेवला, पेनानं टेबलावर दोनदा टकटक केली, समोर नसलेला कागद वाचला. "हंऽ, बोला." बाई बोलू लागली. "बकाराम, चहा सांग रे!" बाई थांबली. "बोला बोला, मी आयकूनच राहिलो." बाई पुन्हा बोलू लागली. मग घसा साफ करून, आवाज खाली उतरवून, एकेक शब्द मोजत, "गोष्ट अशी आहे का बाई..." आणि पुढे जे आलं त्यात गोष्ट काहीच नव्हती. शेवटी दुपट्टा झटकून, "तुमचं पाहून घेऊ."

सभागृह फुटलं. चाळीस बाया हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. दरेकशाकडची एक सरपंच डोळे पुसत ओरडली, "माय वो, हा तं माझ्या घरचा!" दुर्गेश्वरीला कळेना की हे काय झालं. दोन वर्षांत तिचं बोलणं चार माणसांनी पुरतं ऐकलं नव्हतं, आणि आज आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. मॅडमनी पुन्हा करायला लावलं, तिनं पुन्हा केलं, पहिल्यापेक्षा बहारदार. त्या दिवशी ती इतकी खुशीत होती की डब्यातली पोळीही तिला गोड लागली.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. परतीला बसमध्ये बसेपर्यंत तो तिच्याच मोबाईलवर तीन ठिकाणांहून आला. तिच्याकडे आला म्हणजे भाऊंकडे आलाच असणार.

भाऊ अंगणात खाटेवर बसले होते. हातात मोबाईल. तिनं चप्पल काढली, पिशवी ठेवली, पाय धुतले, पाणी प्यायली. व्हिडिओतलं हसणं अंगणात ऐकू येत होतं. संपलं की ते पुन्हा लावत.

"अथी ये," भाऊ म्हणाले.

ती गेली.

"करून दाखव."

"गलती झाली माझी. त्याहीनं जबरदस्तीनंच..."

"अवो, मी रागावून राहिलो का? करून दाखव म्हनलो."

खरोखरच ते रागावले नव्हते. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. पंचायत समितीतून पत्र आलं होतं. महिला सरपंचांच्या नातलगांनी कार्यालयात बसू नये, कामकाजात हस्तक्षेप करू नये, तक्रार आल्यास कारवाई होईल. विरोधी गटातल्या कुणीतरी भाऊंचा मोठ्या खुर्चीतला फोटो वर पाठवला होता.

"सोमवारपासून तुले बसा लागते तथी," भाऊ म्हणाले. "मी चार दिस हाच विचार करून राहिलो होतो, का हिले कसं जमन. तं तू तं हुबेहूब करतेस! माझ्याहून बेस! कर, कर."

तिनं केलं. अंगणात उभं राहून, ज्याची नक्कल त्याच्याच पुढे. भाऊ लक्ष देऊन पाहत होते. "टकटक मी दोनदाच करतो, बराबर. पन 'पाहून घेऊ' म्हनताना घाई नोको करू. तथी जरा थांबा लागते." तिनं थांबून म्हटलं. "हां. आता जमलं." सभागृहात ज्यावर चाळीस बाया लोळल्या, त्यावर अंगणात कुणीच हसलं नाही. नवऱ्याची टर उडवायला म्हणून तिनं जे केलं, ते त्यानं कामाला लावलं होतं. मारझोड झाली असती, आरडाओरडा झाला असता, तर निदान तिला काही म्हणता तरी आलं असतं. इथे म्हणायचं काय?

सोमवारपासून ती पंचायतीत बसू लागली. सकाळी भाऊ जेवता जेवता सांगायचे, आज कोण येईल, काय मागेल, त्याला काय बोलायचं. ती तसंच बोलायची. पहिल्या दिवशी तिनं आपल्या नेहमीच्या आवाजात बकारामला म्हटलं, "बकारामभाऊ, तो नळाचा रजिस्टर देता का जरा?" बकाराम म्हणाला, "देतो ना," आणि बाहेर तंबाखू मळत बसला. तासाभरानं तिनं पेन दोनदा टेबलावर वाजवलं. "बकाराम, रजिस्टर." रजिस्टर आलं, मागोमाग चहाही आला. ग्रामसेवक चंद्रकुमार आधी तिच्यासमोर बसूनच मोबाईल बघायचा. ती कागदावरची नजर न उचलता "हंऽ, बोला" म्हणाली, तेव्हा तो चक्क उभा राहिला.

सत्तेची चव कुणाला कडू लागली आहे? दुर्गेश्वरीलाही ती आवडली. दोन आठवड्यांत तिला कळून चुकलं की या गावाला सरपंचाची एकच चाल माहीत आहे, आणि ती जो चालेल त्याला वाट मिळते. मग तिनं मनाशी एक बेत केला. आवाज भाऊंचा असला तरी त्यात शब्द आपला घालता येईल. जानेवारीत ग्रामसभा होती, घरकुलाची यादी तिथे वाचून मंजूर व्हायची होती. वीस नावं. विसावं नाव भाऊंनी मुन्नालालचं घातलं होतं. मुन्नालालच्या दारात ट्रॅक्टर उभा होता, पण टोलीवरच्या वस्तीतली तीस मतं त्याच्या शब्दावर पडत. दुर्गेश्वरीनं ठरवलं, एकोणीस नावं भाऊंच्या आवाजात वाचायची आणि त्याच दमात विसावं वाचायचं निर्मलाबाईचं. एकदा सभेत नाव वाचलं गेलं आणि हात वर झाले, की भाऊंनाही चारचौघांत ते खोडता येणार नाही. बेत पक्का होता. निर्मलाबाईला तिनं एवढंच सांगितलं, "सभेले येजा. बाकी माझ्यावर सोडा."

मधल्या दिवसांत एक गोष्ट घडली, ती तिनं फारशी मनावर घेतली नाही. आईचा फोन आला होता. धाकट्या बहिणीसाठी मुलगा बघायला जायचं होतं, दुर्गा येशील का, असं आई विचारत होती. दुर्गेश्वरीच्या हातात मिरच्यांची खुडणी. ती म्हणाली, "गोष्ट अशी आहे का आई, ग्रामसभा आहे. पाहून घेऊ." मग वडिलांनी फोन घेतला.

"दुर्गे, तू असं काऊन बोलून राहिली?"

"कसं?"

"जवाईबापूवानी." उदाराम हसले नाहीत. "मी मंडईहून आलो का पयले विहिरीवर तोंडाचा रंग धुवत होतो, मंग घरात येत होतो, ध्यानात आहे ना? नाहीतं तुह्या मायले मी पाटलावानी बोलत होतो. ताटात भाजी कमी पडली का पाटीलच भांडत होता."

"मले कुठं रंग लावा लागते, बाबा," ती म्हणाली. दोघं हसले आणि फोन ठेवला.

ग्रामसभा समाजमंदिराच्या पटांगणात भरली, सकाळी अकराला. ऊन कोवळं, खाली ताडपत्र्या, एकीकडे बाया, एकीकडे माणसं. टेबलावर माईक. पंचायतीच्या कार्यालयात बसायला बंदी असली तरी ग्रामसभेत मतदार म्हणून बसायला भाऊंना कुणाची आडकाठी नव्हती. ते मागच्या खांबाला टेकून दुपट्टा गुडघ्यांभोवती बांधून बसले होते. निर्मलाबाई बायांमध्ये दुसऱ्या ओळीत. तिनं स्वच्छ पांढरं लुगडं नेसलं होतं.

दुर्गेश्वरी उभी राहिली. पटांगणात कालवा चालू होता. तिनं पेनानं माईकवर दोनदा टकटक केली, घसा साफ केला. कालवा थांबला. तिला बरं वाटलं. मागचा ठराव वाचला, नळाचा विषय झाला, नालीचा विषय झाला. एकानं मध्येच उठून नालीवरून आवाज चढवला, तिनं त्याच्याकडे न बघता कागदावर बोट फिरवलं. "गोष्ट अशी आहे का भाऊ..." तो खाली बसला. मागं भाऊंनी मान डोलावलेली तिनं पाहिली. मग यादी आली.

ती वाचू लागली. एकेक नाव, नावामागे थोडं थांबणं, पुन्हा नाव. बारा झाली, पंधरा झाली. आपला आवाज संथ आणि भरीव पडतोय, हे तिचं तिलाच ऐकू येत होतं. सतरा. अठरा. आता एक झालं की निर्मलाबाईचं.

आणि निर्मलाबाईचा धीर सुटला. नावं संपत आली होती, आपलं येत नव्हतं. बिचारीला बेत कुठे माहीत होता? ती उठून उभी राहिली.

"दुर्गाबाई, माझं नाव?"

दुर्गेश्वरीनं वर पाहिलं नाही. विचार करायला ती थांबली असती तर पाहिलं असतं. पण मध्येच कुणी बोललं की काय करायचं हे तिच्या अंगात दीड महिन्यात असं भिनलं होतं की तिला थांबावंच लागलं नाही. पेन वाजलं, एकदा, दोनदा.

"खाली बसा बाई. यादी चालू आहे." आणि थोडं थांबून, घाई न करता, "तुमचं पाहून घेऊ."

मग तिनं एकोणिसावं नाव वाचलं. त्याच चालीत विसावं वाचलं. कागदावर मुन्नालाल लिहिलेलं होतं, तिच्या तोंडून मुन्नालाल आलं. "मंजूर?" तिनं विचारलं. हात वर झाले.

निर्मलाबाई अजून उभीच होती. दुर्गेश्वरीनं आत्ता तिच्याकडे पाहिलं.

"नाही, थांबा," ती म्हणाली. "थांबा जी. एक नाव... निर्मलाबाईचं नाव मी घालनार होतो. ते राहिलं. माझ्याकडून राहिलं."

हा तिचा स्वतःचा आवाज होता. बारीक, पळता आणि मध्येच अडकणारा. माईक कुरकुरला. माणसांकडून कुणीतरी म्हणालं, "काय म्हनते थे?" दुसरा म्हणाला, "ऐकू नाही येऊन राहिलं, बाई!" बायांमध्ये कुणीतरी फिसकन हसली. चंद्रकुमार खुर्चीतून वाकला, "मॅडम, तब्येत बरी आहे ना? मंजूर झाली ना यादी." तिनं पुन्हा तोंड उघडलं. "म्हंजे, मुन्नालालभाऊच्या घरी तं..." आता हसणं वाढलं. मुन्नालाल उठून उभा राहिला, "माझ्या घरी काय? बोला ना, काय माझ्या घरी?" मागं भाऊ खांबापासून सरळ होऊन बसले. सगळं पटांगण एकदम बोलू लागलं. मघाशी जी माणसं तिच्या एका टकटकीनं गप्प होत होती, तीच आता शाळा सुटल्यासारखी गलका करत होती. एक जण तर तिची नक्कल करत होता, बारीक आवाजात, "थांबा जी, थांबा जी."

हा गलका थांबला पाहिजे, इतकंच तिला कळत होतं. तो कसा थांबवायचा हे तिला माहीत होतं, आणि एकच उपाय माहीत होता.

टकटक. टकटक. "काही नाही," ती खालच्या आवाजात म्हणाली. "बसा. पुढचा विषय."

सगळे बसले. निर्मलाबाईही बसली.

सभा संपल्यावर दुर्गेश्वरी बायांमधून वाट काढत तिच्याकडे गेली, पण निर्मलाबाई तोवर फाटकाबाहेर पडली होती. संध्याकाळी दुर्गेश्वरी बौद्ध मोहल्ल्याच्या वळणापर्यंत गेली आणि तिथून परत आली. सांगणार काय होती? तुमचंच नाव ओठावर होतं, पण तोंडच माझं नव्हतं? असलं बोलणं भिंत पडलेल्या बाईला ऐकवायची तिची हिंमत झाली नाही. आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. पंचायतीत ती रोज जात होती, रोज तसंच बोलत होती, कारण दुसरं काही बोललं की बकाराम बाहेर जाऊन तंबाखू मळायचा.

नवव्या दिवशी भाऊ जेवायला बसले तेव्हा खुशीत होते.

"मुन्नालालचं नाव वरूनच कटलं," ते म्हणाले. "ट्रॅक्टर दिसला त्याहीले ऑनलाइन. मले माहीतच होतं कटते म्हनून. त्याचंही मन राखलं, आपन घालून दिलं, वरच्याईनं काटलं. आता त्या जागी निर्मलाबाईले घालून राहिलो. तुरतीची सभा घेऊन ठराव करू."

दुर्गेश्वरीचा हात ताटाशी थांबला. "तुमी पयलेपासूनच..."

"मंग! त्या मोहल्ल्याची मतं का मले नको आहेत?" भाऊंनी भात कालवला. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "पन एक सांगतो. तू त्या दिवशी तिले तशी बोलायले नोको होती. गरीब बाई, उभी राहून विचारून राहिली, अन् तू मान वरतं नाही केली."

"तुमच्यावानीच तं केलं."

भाऊंनी घास खाली ठेवला. त्यांचं तोंड खरोखर उतरलं होतं. "मी असा आहो? मी कोनाले असा कधी बोललो नाही. मी तं सगळ्याइचं आयकून घेतो." मग म्हणाले, "शिकते तं पुरं शिक ना. कठोरच तेवढं उचललं तुनं."

यावर तिला रडू आलं नाही, संतापच आला, पण तो कुणावर काढायचा हे कळेना. माणूस खोटं बोलत नव्हता. स्वतःला तो तसाच ओळखत होता, सगळ्यांचं ऐकून घेणारा. त्याचं चुकीचं चित्र गावात कुणी काढलं असेल तर ते त्याच्या बायकोनं.

त्यानंतर चौथ्या दिवशी नवा ठराव झाला, दुर्गेश्वरीनं सही केली, आणि दुपारी निर्मलाबाई घरी आली. एरवी यायची तशी मागच्या दारानं नाही. पुढून, अंगणात, चपला फाटकाजवळ काढून. भाऊ खाटेवर होते. दुर्गेश्वरी ओटीवर गहू निवडत होती.

"जयभीम भाऊ," निर्मलाबाई म्हणाली. "तुमचे उपकार कधी फिटनार नाही जी."

"अवो, उपकार कायचे? कामच आहे आमचं थे. बसा, बसा." भाऊंनी खरोखर तिला जागा करून दिली. तिच्याकडे पाहून बोलले. भिंत किती लांब होती विचारलं, विटा कुठून घ्याल विचारलं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

दुर्गेश्वरीनं सूप बाजूला ठेवलं. आता नाही बोललं तर कधीच नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"निर्मलाबाई," ती म्हणाली, "मी तुमचं नाव घालनारच होतो. खरंच सांगतो. त्या दिवशी शेवटचं नाव तुमचंच घेनार होतो."

निर्मलाबाईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर दुर्गेश्वरीनं तो सोसला असता. पण नजर कोरडी होती, पंचायतीत माणसं टेबलाकडे बघतात तशी.

"मंग घातलं काऊन नाही जी?" ती म्हणाली. "सरपंच तं तुमीच होत्या ना."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला मनापासून सरपंच म्हटलं होतं. आजवर सगळे पाटीवर वाचून म्हणायचे, हसण्यावारी म्हणायचे, नाहीतर भाऊंकडे बघत म्हणायचे. ही बाई तिच्या डोळ्यांत बघून म्हणत होती, आणि सगळा दोष तिच्या पदरात टाकत होती. 'दुर्गाबाई' ही हाकही आता राहिली नव्हती. दुर्गेश्वरीनं तोंड उघडलं. काय सांगावं हे तिला सुचलं नाही, आणि कुठल्या आवाजात सांगावं हे त्याहून सुचलं नाही.

तिच्या वतीनं भाऊच बोलले. बिचाऱ्यांना तिची कीव आली असावी.

"जाऊ द्या ना, निर्मलाबाई," ते हसून म्हणाले. "तिले नाही समजत त्यातलं. मी सांगतो तेवढंच करते थे."

निर्मलाबाईचा चेहरा थोडा निवळला. तसं असेल तर मग रागवण्यासारखं काही नाही, असं तिला वाटलं असावं. "हां, तसं असन," ती म्हणाली.

दोघंही दुर्गेश्वरीकडे बघत होते. तिनं हो म्हटलं तर निर्मलाबाई उद्या पुन्हा मागच्या दारानं येईल, रोवणीला येईल, तिच्याशी बोलेल. नाही म्हटलं तर ती सरपंच होती आणि तिनं भिंत पडलेल्या बाईला जाणूनबुजून खाली बसवलं होतं. तिसरी वाट तिनं शोधून पाहिली. ती तिला सापडली नाही.

"हो जी," दुर्गेश्वरी म्हणाली. "मले नाही समजत त्यातलं."

आणि ती चहा ठेवायला आत गेली.